गाडीखाली ऑइलचा डाग? गळकं पॅकिंग आणि सील शोधून बदलायची पद्धत

सकाळी गाडी काढली आणि खाली पेव्हर ब्लॉकवर काळा डाग दिसला, की दोनपैकी एक गोष्ट होते. कुणी "थोडंसंच गळतंय" म्हणून महिनोन् महिने सोडून देतं, तर कुणी घाबरून गॅरेज गाठतं आणि "इंजिन उघडावं लागेल" हे ऐकून परततं. दोन्ही टाळता येण्यासारखं आहे. सात-आठ वर्षं वापरलेल्या छोट्या पेट्रोल गाड्यांत मला सगळ्यात जास्त दिसणारी गळती इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरची असते. ती दहा नंबरची गोटी (सॉकेट), थोडा वेळ आणि सबुरी असलेल्या माणसाला घरच्या पार्किंगमध्ये काढता येते. अवघड काम पॅकिंग बदलण्याचं नाहीच. ऑइल नेमकं कुठून येतंय हे शोधणं अवघड, म्हणून या लेखाचा बराच भाग शोधण्यावर आहे.

आधी हे भाग बिघडतात का ते पाहू. इंजिनचे दोन न हलणारे भाग जिथे एकमेकांवर बसतात, तिथे मध्ये गॅस्केट असतं. गॅरेजच्या भाषेत पॅकिंग. फिरणारा शाफ्ट जिथे इंजिनच्या बाहेर येतो, तिथे ऑइल सील असतं: रबराचा एक पातळ ओठ, आणि तो शाफ्टवर दाबून धरणारी आतली बारीक गोल स्प्रिंग. दोन्ही ठिकाणी रबरच राबतं. ऑइल साधारण ९० ते ११० अंशांपर्यंत तापतं आणि रात्री पुन्हा गार होतं. वर्षानुवर्षं असं झालं की कुकरची जुनी रिंग जशी कडक पडते आणि वाफ धरत नाही, तसं या रबराचं होतं. घोडबंदर रोडवर किंवा शिळफाट्याला तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली वारा खेळत नाही, त्यामुळे तिचं रबर मोकळ्या हायवेवर पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर म्हातारं होतं. किलोमीटर कमी दिसले तरी म्हणून फसू नका.

खाली पडलंय ते ऑइलच आहे ना?

रात्री गाडीखाली, इंजिनच्या बरोबर खाली, एक मोठा पुठ्ठा पसरा. त्यावर पुढचं चाक कुठल्या बाजूला आहे ते पेनने लिहून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडले ते कळेल आणि रंगही कळेल. तपकिरी ते काळं आणि बोटांना बुळबुळीत लागलं तर इंजिन ऑइल. हिरवं, लाल किंवा गुलाबी, चिकटसर आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळट, पाण्यासारखं पातळ पण निसरडं काही सापडलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं. मग गाडी चालवू नका, आधी ते बघून घ्या. उन्हाळ्यात डाव्या पुढच्या सीटच्या अंदाजाने खाली स्वच्छ पाणी पडलं तर ते एसीचं, त्याची काळजी नको.

मग डिपस्टिक, म्हणजे इंजिनमधलं ऑइल मोजायची पट्टी, बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. बऱ्याच छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये सुमारे एक लिटरचा फरक असतो, त्यामुळे किती ऑइल गेलं याचा अंदाज बांधता येतो. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी ऑइल भरा. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर इंजिन ताबडतोब बंद करा आणि गाडी टो करून न्या. तो दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो. तो पेटलेला असताना चालवलेल्या दोन किलोमीटरमध्ये बेअरिंग खराब होऊ शकतात, आणि तो खर्च कुठल्याही पॅकिंगच्या कितीतरी पट असतो. उलट, वरच्या खुणेच्या वर ऑइल भरलेलं असेल तरीही गळती होऊ शकते. सर्व्हिसनंतर लगेच गळती सुरू झाली असेल तर हे नक्की तपासा.

धुवा, पावडर मारा, मग निष्कर्ष काढा

ऑइल वरून खाली उतरतं, आणि गाडी पळताना वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून खालून जिथे थेंब लटकलेला दिसतो, तिथे गळती असेलच असं नाही. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून झिरपलेलं ऑइल इंजिनच्या पाठीवरून उतरत गिअरबॉक्सच्या जोडावर येऊन टपकतं. खालून बघणाऱ्याला वाटतं फ्लायव्हील साइडचं, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या बाजूचं, सील गेलं. मग गिअरबॉक्स उतरवला जातो, नवं सील बसतं, क्लच प्लेटही बदलली जाते आणि पंधरा दिवसांत डाग पुन्हा हजर. हे होऊ नये म्हणून पुढची पायरी गाळू नका.

इंजिन पूर्ण गार असताना अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, फ्यूज बॉक्स आणि हवेचा पाइप प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका. डीग्रीझर (तेलकटपणा काढणारा द्राव) मारा, ब्रशने घासा, ओल्या फडक्याने पुसा. प्रेशरचं पाणी मारू नका, ते कनेक्टरमध्ये घुसतं. काही ठिकाणी डिझेल किंवा पेट्रोल मारून इंजिन धुतात; गरम सायलेन्सरजवळ ते आगीला आमंत्रण आहे, आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्ये तर विचारही करू नका.

इंजिन कोरडं झालं की संशयाच्या जागांवर टॅल्कम पावडरचा पातळ थर उडवा. पंधरा-वीस मिनिटांची फेरी मारून या. पांढऱ्या थरावर ओली रेघ जिथून सुरू होते, ती गळतीची जागा. सगळ्यात खालचं टोक बघू नका, सगळ्यात वरचं बघा. मंद पाझर असेल तर दोन-तीन दिवस रोज बघावं लागतं. यूव्ही डाय (अतिनील उजेडात चमकणारा रंग) मिळतो, तो ऑइलमध्ये मिसळून गाडी चालवायची आणि यूव्ही टॉर्चच्या उजेडात बघायचं. गळकी जागा पिवळट-हिरवी चमकते. पावसाळ्यात पावडर टिकत नाही, तेव्हा डायच बरा. अडचणीच्या जागी मोबाइलचा कॅमेरा व्हिडिओवर लावून आत सरकवला की गिअरबॉक्सकडची बाजू छान दिसते.

सील बदलण्याआधी इंजिनला श्वास घेता येतोय का बघा

पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली ऑइलच्या भागात उतरतो. तो पुन्हा इनटेकमध्ये, म्हणजे इंजिन हवा घेतं त्या वाटेत, ओढून घेण्याचं काम पीसीव्ही व्हॉल्व्ह करतो. हा व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी चिकट काजळीने बुजली की आतला दाब वाढतो आणि ऑइल सगळ्यात कमजोर जागेतून बाहेर पडतं. अशा गाडीत नवं सीलही फार काळ टिकत नाही. एकाच वेळी दोन-तीन जागांहून पाझर दिसला तर माझा पहिला संशय इथेच जातो.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि तोंडावर कागदाचा तुकडा धरा. कागद हलकासा ओढला जात असेल किंवा जागीच थरथरत असेल तर ठीक. आतून जोरात वाफारे येऊन कागद उडत असेल तर इंजिन बंद करून व्हॉल्व्ह काढा आणि कानाजवळ हलवून बघा. बहुतेक व्हॉल्व्ह हलवल्यावर टकटक वाजतात. वाजत नसेल तर बदला. नळी दाबून बघा, कडक होऊन तडकली असेल तर तीही बदला. नवा व्हॉल्व्ह लावूनही वाफारे तसेच असतील तर पिस्टन रिंग झिजल्याची शक्यता आहे, आणि तो वेगळा विषय.

स्वस्त जागा आधी

ऑइलच्या झाकणाखालचं रबर, डिपस्टिकच्या नळीची ओ-रिंग, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा (जुनं ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचा) वॉशर आणि ऑइल प्रेशर स्विच. या पाच जागा तपासायला अर्धा तास लागतो. ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर एकदाच दबण्यासाठी असतो. दर ऑइल बदलीला नवा टाका. तो गळतो म्हणून बोल्ट आणखी आवळत गेलात तर चेंबरचे (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीचे) आटे जातील. फिल्टरच्या बाबतीत एक खास गोष्ट: जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी इंजिनलाच चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावर बसतो. दोन रिंग एकावर एक टिकत नाहीत, आणि गाडी रस्त्यात सगळं ऑइल ओकते. नवा फिल्टर लावताना बसायची जागा बोट फिरवून बघा, नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. पाना नको.

प्रेशर स्विच गळत असेल तर त्याच्या कनेक्टरमध्येच ऑइल सापडतं. हा छोटा भाग सरळ बदलायचा.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग: पूर्ण काम

पॅकिंग विकत घेताना आरसी बुक किंवा त्याचा फोटो सोबत ठेवा. दुकानात पहिला प्रश्न "दादा, चेसिस नंबर सांगा" हाच येतो, आणि तो यायलाच हवा. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे इंजिनं बदलतात. कंपनीचा सुटा भाग किंवा नावाजलेल्या उत्पादकाचा घ्या. बहुतेक छोट्या गाड्यांचं हे पॅकिंग काही शे रुपयांत मिळतं, तिथे वाचवण्यासारखं काही नाही. ठाण्या-वाशीत मिळालं नाही तर मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला स्पेअर पार्टची दुकानं आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या भागांचा बाजार आहे. कव्हर तडकलं असेल तर त्याच्या जागी वापरलेलं तिथून आणायला हरकत नाही, पण पॅकिंग आणि सील कायम नवंच. सोबत स्पार्क प्लग ज्या खोल भोकांत बसतात, त्या विहिरींची रबरी सीलंही घ्या. काही इंजिनांत ती पॅकिंगच्या संचात येतात, काहींत वेगळी.

सोसायटीत काम करणार असाल तर आधी सेक्रेटरींना सांगून ठेवा, खाली जुना पुठ्ठा आणि लाकडाचा भुसा टाका. इंजिन गार होऊ द्या. बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा. प्रत्येक कनेक्टरचा आणि नळीचा आधी फोटो काढा.

कॉइलचे (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या भागाचे) कनेक्टर जुने झाले की त्यांची खिट्टी ठिसूळ होते, ती नखाने हळू उचला. कॉइल काढल्या की विहिरीत टॉर्च मारा. आत ऑइल साचलेलं दिसलं तर विहिरीचं सील गेलंय, आणि गाडी मधूनच झटके देत असेल तर त्याचं कारणही बहुधा हेच. प्लग काढण्याआधी ते ऑइल फडक्याने टिपून घ्या, नाहीतर ते सिलिंडरमध्ये उतरेल.

आता कव्हरचे बोल्ट बाहेरून आतल्या दिशेने, प्रत्येक थोडा थोडा सैल करत काढा. कुठला बोल्ट कुठला, हे पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्यात टोचून ठेवा. लांबी वेगळी असू शकते. कव्हर चिकटलेलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर घुसवून उचकटू नका. अ‍ॅल्युमिनियमवर पडलेला ओरखडा हीच पुढची गळती. रबरी हातोडीने बाजूने हलके ठोके द्या, सुटतं.

आतली उघडी जागा स्वच्छ फडक्याने झाका. जुनं पॅकिंग खोबणीतून काढा. कडक होऊन तुटलं तर प्रत्येक तुकडा मोजून बाहेर आला पाहिजे. दोन्ही पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, मग ब्रेक क्लीनर लावलेल्या आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. पॉलिश पेपर वापरू नका. त्याची बारीक कणी ऑइलमध्ये गेली तर बेअरिंगपर्यंत पोचते.

नवं रबरी पॅकिंग कोरडंच खोबणीत बसवा. त्याला ग्रीस नको आणि वरून सिलिकॉनचा (ट्यूबमधून येणाऱ्या सीलंटचा) लेपही नको. सिलिकॉन फक्त तिथे, जिथे टायमिंग कव्हर (टायमिंग चेन किंवा बेल्टवरचं झाकण) आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) यांचा जोड येतो. त्या कोपऱ्यांवर तुरीच्या डाळीएवढा ठिपका पुरे. अनेक जण "सेफ्टी म्हणून" सगळीकडे फासतात. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला दबून बाहेर येतं, सुटतं, चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीला जाऊन चिकटतं. मग इंजिनला ऑइलच मिळत नाही. सिलिकॉनची ट्यूब गाडीच्या सेन्सरना बाधा न करणारी, इंजिनसाठीची घ्या. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्यामुळे आपल्याकडच्या जुलैच्या हवेत त्यावर साय फार लवकर धरते. ठिपका लावला की लगेच कव्हर बसवा, चहा पिऊन येऊ नका.

कव्हर सरळ खाली ठेवा, सरकवू नका. सगळे बोल्ट आधी बोटांनी लावा. मग मधल्या बोल्टपासून सुरू करून, आडवे-तिरपे जात, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. हे बोल्ट बारीक असतात. बहुतेक गाड्यांत ८ ते १२ न्यूटन-मीटर एवढंच लागतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) विकत घ्या किंवा उसना आणा. हाताच्या अंदाजाने आवळलेलं कव्हर मला पुन्हा पुन्हा वाकलेलं दिसलं आहे, आणि जास्त दाबलेलं रबर लवकर तुटतं. सिलिकॉनच्या पाकिटावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत इंजिन सुरू करू नका. बऱ्याचदा पूर्ण घट्ट व्हायला २४ तास लागतात. म्हणून हे काम शनिवारी सकाळी करावं.

खालचं चेंबर

बऱ्याच नव्या इंजिनांत चेंबरला कापलेलं पॅकिंग नसतंच, तिथे फक्त सिलिकॉनची २-३ मिलिमीटरची अखंड रेघ असते, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. काम समजायला सोपं आहे, पण गाडीखाली झोपून करावं लागतं. हॅन्डब्रेक, चाकांना अडण्या, जॅक कंपनीने दिलेल्या जागीच, आणि जॅकच्या जोडीला दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड). पेव्हर ब्लॉक वजनाने खचतात, त्यामुळे घोडीखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. सोय नसेल तर हे काम गॅरेजला द्या, पण पृष्ठभाग पूर्ण साफ केला का ते स्वतः उभं राहून बघा.

क्रँक आणि कॅमची सीलं

क्रँक म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा इंजिनचा मुख्य शाफ्ट, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा वरचा शाफ्ट. पुढचं क्रँक सील पट्ट्याच्या पुलीमागे असतं. टायमिंग बेल्टची (क्रँक आणि कॅम जोडणाऱ्या पट्ट्याची) गाडी असेल तर बेल्ट काढावा लागतो आणि तो परत लावताना खुणा चुकल्या तर व्हॉल्व्ह वाकू शकतात. नवख्याने हे काम पहिल्यांदा जाणकाराच्या शेजारी बसूनच करावं. तरी पद्धत माहीत असू द्या, म्हणजे समोरचा बरोबर करतोय का ते कळतं. जुनं सील काढताना शाफ्टला ओरखडा पडू नये. नवं सील स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे ठेवून बसवतात. ओठाला ऑइलचं बोट लावतात, अपवाद पीटीएफईच्या (टेफ्लॉनच्या) ओठाची सीलं, ती कोरडीच बसवायची असतात. सील सगळीकडून सारखं आत जावं म्हणून त्याच व्यासाची गोटी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवून हलके ठोकतात. शाफ्टवर नख फिरवल्यावर खाच लागली तर नवं सील त्याच खाचेत बसता कामा नये. एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवतात किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतात.

फ्लायव्हील साइडच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील स्वस्त, मजुरी महाग. म्हणून गॅरेजमध्ये दोन प्रश्न विचारा: "वरून ऑइल उतरत नाही ना, हे धुऊन बघितलं का?" आणि "हे इंजिन ऑइल आहे की गिअर ऑइल?" गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो आणि ते वेगळ्या सीलमधून येतं. ऑइल खरंच तिथूनच येत असेल तर काम लांबवू नका, क्लच प्लेट ऑइलने भिजली की घसरायला लागते. आणि क्लचसाठी गिअरबॉक्स उतरतच असेल तर हे सील तेव्हाच बदलून घ्या.

गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल नेहमी विचारणा होते. त्या रबर थोडं फुगवतात, कडक पडलेल्या सीलचा हलका पाझर काही काळ कमी होऊ शकतो. तुटलेल्या पॅकिंगला त्यांचा उपयोग नाही. जाड ऑइल भरून गळती दाबण्याचा सल्लाही ऐकू नका, मॅन्युअलमधला ग्रेडच ठेवा.

काढलेलं ऑइल

वापरलेलं ऑइल २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांखाली येतं. ते गटारात ओतू नका. आपल्या गटारांचं पाणी नाल्यांतून ठाणे खाडीत जातं, तीच खाडी जिचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि जी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली. ऑइल रिकाम्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू नका, आणि अधिकृत पुनर्प्रक्रियेला ऑइल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरला विचारून तिथे पोचवा. जमिनीवर सांडलेलं भुशाने टिपा. पहिल्या पावसात रस्त्यावर आलेल्या ऑइलवरून मागून येणारा दुचाकीवाला घसरतो, एवढ्या एका कारणासाठीही गळकी गाडी लवकर दुरुस्त करावी.

काम झाल्यावर

इंजिन सुरू करून दहा मिनिटं जागेवर चालू द्या आणि टॉर्चने कव्हरची पूर्ण कड बघा. सुरुवातीला थोडा जळका वास येईल. सायलेन्सरवर उरलेलं जुनं ऑइल जळत असतं. वास दोन-तीन दिवसांत गेला नाही किंवा धूर वाढला तर पुन्हा तपासा, कारण तापलेल्या सायलेन्सरवर पडणाऱ्या ऑइलने आग लागू शकते. पहिल्या दिवशी, मग आठवड्याने डिपस्टिक आणि पुठ्ठा दोन्ही बघा. तीच जागा पुन्हा ओली झाली तर दुसरं पॅकिंग आणण्याआधी कव्हर काढून जाड सपाट काचेवर उलटं ठेवा आणि कडेखालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून बघा. पाती आत शिरत असेल तर कव्हर वाकलंय, बदलायचं ते कव्हर.